रिकामी कबर वगळली तर उरतं काय?

माझा भाचा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटेची उपासना आटोपून घरी आल्याआल्या त्याने मला फोन केला. मँचेस्टरमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मी रात्रपाळीला होते, हे त्याला ठाऊक होतं.

"आत्या, खरं सांग. येशूने चांगलं वागायला शिकवलं, एवढं धरून चाललं तर पुरेसं नाही का? तो कबरीतून उठला हेही मानायलाच पाहिजे का? कॉलेजात मुलं विचारतात, मला काही सांगता येत नाही."

वॉर्डात बेल वाजली म्हणून मी फोन ठेवला. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. घरी चाललेले सगळे वाद आणि इथे मी रोज पाहते ते सगळं त्या एका प्रश्नात येऊन मिळत होतं.

घरचे वाद मला आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरून कळतात. भाऊ धर्मांतरविरोधी कायद्याच्या बातम्या टाकतो. मग संविधानाचं कलम 25 निघतं, धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क. त्यावर कुणीतरी सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकाल काढतं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मग 'आपला धर्म परदेशी' या आरोपाला उत्तरं सुरू होतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती शंभरात एकही पुरते नव्हतो, तेव्हा ही काळजी खोटी नाही. इथे सुरक्षित बसून मी तिला हलकं लेखणार नाही. सभेला जाताना बायबल पिशवीत तळाशी ठेवावं लागतं असं माझी वहिनी सांगते, तेव्हा मला झोप लागत नाही.

परदेशीपणाच्या आरोपाला तर सातारा जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये साताऱ्याला येऊन राहिले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे एकत्र यावेत ही त्यांची ओढ होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. दीड-दोन वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात ते गेले. पण त्यांची पदं आजही आपल्या चर्चच्या मंडळ्यांत पेटीवर म्हटली जातात. ती म्हणणाऱ्या माणसाला तू परका आहेस असं कुणी सांगू नये.

तरीही मला एक गोष्ट खटकते. आपण परके नाही, आपण कुणाला फसवलं नाही, आपल्या दवाखान्यांनी आणि शाळांनी सगळ्यांचं भलं केलं, हे आपण जगाला सांगत राहिलो. ते सांगता सांगता घरातल्या पोराला मात्र आपण काय मानतो आणि का मानतो, ते सांगायचं राहून गेलं. भाच्याला कलम 25 पाठ आहे. रिकाम्या कबरीविषयी त्याच्याशी कुणी दहा मिनिटंही बोललेलं नाही.

इथे उलट आहे. इथे बायबल कुणी लपवत नाही, कारण कुणाला त्याचं काही वाटतच नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत 59.3 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, 2021 मध्ये 46.2 टक्क्यांनी. कोणताच धर्म नाही म्हणणारे 25.2 वरून 37.2 टक्क्यांवर गेले. मँचेस्टरमध्ये सेंट बेनेडिक्ट नावाचं मोठं विटांचं चर्च होतं. आता तिथे दोरखंड बांधून भिंती चढायचा सराव चालतो. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी वर छताकडे बघत उभी राहिले. मुलं हसतखेळत चढत होती, त्यांचा मला राग नाही. पण या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या 'मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल' असं मोठ्याने म्हटलं गेलं होतं आणि आता म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, याने मी हलले.

माझ्या बरोबरच्या नर्सेसपैकी कितीतरी जणी चांगुलपणात माझ्या चार पावलं पुढे आहेत. त्यांचा देवावर विश्वास नाही. म्हणून भाच्याला मी असं कधीच सांगणार नाही, की विश्वासाशिवाय माणूस चांगला होत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. नुसत्या चांगुलपणासाठी ख्रिस्ताची गरजच नाही, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. ख्रिस्त त्याहून वेगळ्या कारणासाठी लागतो. ते कारण मला रात्री वॉर्डात भेटतं.

मी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. जून 2025 मध्ये इथल्या कनिष्ठ सभागृहाने मरणासन्न रुग्णांना मरणासाठी वैद्यकीय मदत मागता यावी, या विधेयकाच्या बाजूने 314 विरुद्ध 291 असं मत दिलं. त्या आठवड्यात आमच्या चहाच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. मी विरोधात होते, अजूनही आहे. पण बाजूने बोलणाऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आहे आणि त्यांना दगडाच्या काळजाचं म्हणणार नाही. बरं होण्याची आशा संपली की आशाच संपली, असं त्यांना वाटतं. माझं दुःख तिथे आहे.

आणि खेदाने सांगते, आमच्याकडच्या काही चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभाही, नेमकं हेच शिकवतात, फक्त उलट्या बाजूने. माझ्या आईला कॅन्सर झाला तेव्हा शेजारीण तिला मायेपोटी अशाच एका सभेला घेऊन गेली. तिथे तेल लावलं, हात ठेवले, आई बरी झाली असं माइकवरून जाहीर केलं. चार महिन्यांनी आई गेली. तेव्हा त्याच सभेतल्या एकाने माझ्या वडिलांना सांगितलं, "विश्वासात कुठेतरी कमी पडलात." ज्या माणसाने चाळीस वर्षं एक रविवार चुकवला नाही, त्याला. देव बरं करतो हे मी मानते, आजाऱ्यांसाठी प्रार्थना मी रोज करते. पण बरं होणं हीच आशा आणि न होणं हा विश्वासाचा दोष, हे शुभवर्तमान नव्हे. जो स्वतः वधस्तंभावर मेला त्याच्या नावाने हे कुणी कसं बोलू शकतं?

माझे वडील मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. डॉक्टर विल्यम वानलेस 1889 मध्ये सांगलीला आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेला हॉस्पिटल उभं केलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीत क्षयाचे रुग्ण राहत. क्षयावर औषध सापडण्याच्या कितीतरी आधी तिथे लोकांची सेवा होत होती. बरे होणार नाहीत अशांना अंघोळ घालायची, भरवायचं, रात्री जागायचं. इथे लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या सेवेचं घर, सुरू केलं, ज्यातून आजची वेदनाशामक सेवा जगभर गेली. सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या, आणि खऱ्या अर्थाने विश्वासू ख्रिस्ती होत्या. मरणाऱ्याचं दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचंही असतं, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. मरण म्हणजे शेवट नव्हे हे मनात पक्कं असल्याशिवाय, जिथे औषध थांबतं तिथे खुर्ची ओढून बसायचं बळ येत नाही. निदान मला तरी येत नाही.

आईच्या दफनाच्या वेळी वडिलांनी पाळकसाहेबांना थांबवलं आणि विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते थोडक्यात सांगणारं उपासनेतलं कथन, स्वतः म्हणायला घेतला. 'शरीराचे पुनरुत्थान' या शब्दांपाशी त्यांचा आवाज फुटला. पण थांबले नाहीत, 'सार्वकालिक जीवन' म्हणून मगच त्यांनी मूठभर माती टाकली. 'येशू चांगलं वागायला शिकवून गेला' एवढंच त्यांच्यापाशी असतं, तर त्या खड्ड्याच्या कडेला ते काय म्हणाले असते?

पाळी संपल्यावर मी भाच्याला बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पाठवला. प्रेषित पौलाने हे पत्र येशूच्या वधस्तंभानंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांत लिहिलं. पुनरुत्थित येशू पेत्राला दिसला, बारा शिष्यांना दिसला, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत, असं तो लिहितो. म्हणजे जाऊन विचारा. मग तोच म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. रिकामी कबर बाजूला ठेवून चांगुलपणा तेवढा घ्यायची सोय त्यानेच ठेवलेली नाही.

भाच्याचं उत्तर दुपारी आलं. "आत्या, हे आम्हाला शब्बाथशाळेत कुणी सांगितलंच नाही. आम्ही फक्त योनाला गिळणारा मासा रंगवला."

सांगली, मिरज, सातारा, वाई इथल्या मंडळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुनरुत्थानाच्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत सात आठवडे मिळतात. त्या सात रविवारी तरुण संघाला विश्वासाचा अंगीकार एकेक ओळ घेऊन शिकवा. पाठांतर नको, प्रश्नोत्तरं ठेवा. मुलं अवघड विचारतील. मला येत नाही, पुढच्या रविवारी वाचून सांगतो, असं म्हणणारा वडीलधारा त्यांना हवा आहे. क्रिकेटचे सामने आणि नाताळचं गॅदरिंग चालू दे, त्यांचीही गरज असते. पण कायदा उद्या कसाही आला, तरी त्याच्यासमोर उभं राहायला या मुलांकडे काहीतरी आतलं असलं पाहिजे.

आता भाचा दर रविवारी फोन करतो. कबर रिकामी असल्याची पहिली बातमी चारही शुभवर्तमानांत बायकांनी आणली, हे त्याला फार आवडलं. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, तेव्हा गोष्ट रचायची असती तर कुणी अशी रचली नसती, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं. सध्या आम्ही त्याच पंधराव्या अध्यायाच्या पस्तिसाव्या वचनावर आहोत. मेलेले कसे उठतात, कोणत्या शरीराने येतात? इंजिनिअरिंगच्या पोराला हाच प्रश्न सगळ्यांत खरा वाटतो. तो तिथे अडला आहे, खरं तर मीही तिथे थोडी थांबतेच.

"पौल बियाचं उदाहरण देतो," मी परवा म्हटलं. "आजोळी शाळू पेरतील तेव्हा एक दाणा हातात घेऊन बघ."

"पेरणीला अजून दोन महिने आहेत, आत्या."

"मग तोवर छत्तिसावं वाचू."