डेंग्यूच्या भीतीने बागेतली झाडं छाटू नका

पावसाळा लागला की सोलापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: "बागा आणि झाडी म्हणजे डासांचं माहेरघर. उन्हाळ्यात मेलेले डास पाऊस पडला की तिथेच जन्मतात. झाडं छाटा, तळी बुजवा, रोज धूर मारा, डेंग्यू जाईल." आपल्या शहरात सावली आधीच कमी. असल्या मेसेजवर विसंबून कोणी कुऱ्हाड चालवली तर तेवढं झाड पुन्हा उभं राहायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

झाडीत डास असतात, हे खरं. दुपारच्या उन्हात तो टिकत नाही, म्हणून झुडपांच्या दमट सावलीत बसून राहतो. फुलांतला रसही पितो. नर तर त्यावरच जगतो, चावते ती मादी, तीही अंड्यांसाठी. पण झाडीत बसणारा डास तिथेच जन्मला असं नाही. अळी वाढते ती पाण्यातच. पानावर, गवतात एकही डास तयार होत नाही. झाडाच्या ढोलीत पाणी साचलं तर मात्र होतात, तेव्हा ढोली वाळूने भरावी.

डेंग्यू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडिस इजिप्ती. त्याला लागतं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी, आणि ते आपल्याकडे घरोघरी आहे. उजनीचं पाणी अनेक वर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय, त्यामुळे बॅरल, टिपाड, हौद भरून ठेवल्याशिवाय इथे कुणाचा संसार चालत नाही. यात लोकांचा काय दोष? पण एकदा बॅरलमध्ये बॅटरी मारून बघा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या भिंतीला काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसतात. ती एडिसची अंडी. पाणी उपसलं तरी ती तिथेच राहतात, कित्येक महिने कोरडी टिकतात. पुढच्या पाळीला नळ आला, पातळी वर चढली, अंडी भिजली की अळ्या बाहेर पडतात. गरम हवेत साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आपण बॅरल रिकामं न करता वरून भरत राहतो, त्यांना तेवढंच हवं असतं. म्हणून नुसतं ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली बाजू काथ्याने खसखसून घासावी लागते, मग झाकण किंवा कापड घट्ट बांधावं लागतं.

उन्हाळ्यात डास मरतात, हा मुद्दाही यातच निकालात निघतो. पारा चाळिशीच्या वर गेला की उघड्यावरचे डास कमी होतात, पण भिंतीला चिकटलेली अंडी टिकतात आणि घरातल्या गार सावलीतला हौद चालूच असतो. त्यात टंचाईमुळे साठवण वाढते. पाऊस आला की कूलर तळाचं पाणी न काढताच गच्चीवर ठेवला जातो, शेजारी जुने टायर भरतात. एडिस साधारण दोन-चारशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. दिवसा आपल्याला चावला तो बहुधा आपल्याच गल्लीतला.

तळी बुजवण्याबद्दल: सिद्धेश्वर तलावाच्या उघड्या, वाऱ्याने हलणाऱ्या, माशांच्या पाण्यात एडिस अंडी घालत नाही. काठाला जलपर्णी माजली तर इतर डासांच्या अळ्यांना माशांपासून आडोसा मिळतो, तेव्हा काढायची ती जलपर्णी. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुतेक क्युलेक्स असतो. तो तुंबलेल्या गटारात, शौचालयाच्या टाकीत वाढतो आणि डेंग्यू पसरवत नाही. थंडी ओसरताना तो वाढतो, जोराच्या पावसात गटारं धुऊन निघाली की कमी होतो. दोघांचे हंगामही वेगळे.

धुराने उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही. साथ असेल तेव्हा त्याचा उपयोग आहे, रोजचा उपाय म्हणून नाही.

बागेत बघायचंच असेल तर चहाचे फेकलेले कप, नारळाच्या करवंट्या, खेळण्यांतले टायर, व्हॉल्व्हचे खड्डे आणि माळ्याची उघडी टाकी बघा. टाकीला झाकण नसेल तर गप्पी मासे सोडा. आणि पालिकेकडे अर्ज करायचा असेल तर झाडं छाटण्याचा नको, नळाला पाणी रोज सोडण्याचा करा. सह्या गोळा करायला मी येतो.