कापूर देवापुढं लावा, पोराच्या छातीला नको

'ताप आला? डॉक्टर नको, हे सहा उपाय करा' असा मेसेज आठवडाभर फिरतोय. आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण तो तासगावला आक्काकडं पोचला आणि रात्री नऊला तिचा फोन आला, "पोरीला कापूर चोळलाय, आता ताप पळतोय बघ." पोरगी म्हणजे तिची नात, सव्वा वर्षाची. मी काही डॉक्टर नाही, सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. तरी गाडी काढली.

दार उघडलं तर आरती नुकतीच झाल्यासारखा वास. पोरीला स्वेटर, कानटोपी, वर दोन गोधड्या, पंखा बंद आणि कपाळावर स्पिरिटची घडी. काखेत थर्मामीटर लावलं, १०२.८. सगळं काढून एक पातळ झबलं ठेवलं, छातीवरचा कापूर धुतला आणि तिला तशीच डॉक्टरांकडं नेली. तिथं पोचेपर्यंत १०१. तोवर औषधाचा थेंबही पोटात गेला नव्हता.

म्हणून आधी तिसरा मुद्दा: 'कापूर-स्पिरिट चोळल्यावर ताप डोक्यात चढत नाही, आकडी येत नाही.' अहो, कापरानंच आकडी येते! तो कातडीतून, श्वासातून बाळाच्या अंगात जातो आणि लहान मुलांना त्यानं झटके आल्याची उदाहरणं आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलीत. स्पिरिट गार लागतं कारण ते उडतं. पण ती वाफ पोरच आत ओढतं, थोडं कातडीतही मुरतं. त्यानं रक्तातली साखर उतरते, पोर गुंगीत जातं, आणि घरचे म्हणतात, "बघा, शांत झोपलं." आक्का म्हणाली, "आमच्या टायमाला समद्यांना लावलाय." लावला असेल. निभावलं, एवढंच.

आकडी आलीच तर पोराला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ १०८ ला फोन.

दुसरा मुद्दा गोधडीत घाम काढायचा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापावर २०१९ साली सूचना काढल्यात. त्यात साफ लिहिलंय: ताप असलेल्या पोराला गुंडाळू नका, उघडंही टाकू नका. ओल्या फडक्यानं अंग पुसत बसायचीही शिफारस त्यात नाही, आणि हे वाचून मीही गप्प झालो, कारण घरी आम्ही तेच करत आलोय.

पहिला मुद्दा, 'ताप हा मित्र आहे, औषध म्हणजे विष.' अर्धं खरं आहे, मानावं लागतंय. ताप ही शरीराचीच लढाई आणि केवळ आकडा खाली आणायला औषध द्यायची गरज नाही, हे नाइसही म्हणतं. पॅरासिटामॉलनं आकडी टळत नाही, हेही. पण पोर कण्हत असेल, पाणी पीत नसेल, तर ते द्यायचं नाही हा कुठला न्याय?

आणि गंमत बघा, पहिल्या मुद्द्यात विष असलेलं औषध पाचव्यात 'मोठ्यांची गोळी अर्धी करून' द्यायचंय! पॅरासिटामॉलचा एका वेळचा हिशोब वजनाच्या किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या पोराला १०० ते १५०. साडेसहाशेची गोळी मोडली तर ३२५, म्हणजे दुपटीच्या वर. सिरपसुद्धा ५ मिलीत १२० आणि २५० अशा दोन ताकदीचं येतं. 'दोन चमचे द्या' सांगणाऱ्या शेजारणीला आधी बाटली दाखवा. दोन डोसांत किमान चार तास.

दात येताना ताप येतोच, हा चौथा. अंग जरा कोमट लागेल, पण १००.४ च्या वर गेलं तर दातांना दोष देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप म्हणजे तासही न थांबता डॉक्टर.

सहावा मोठ्यांसाठी: 'ताप उतरला की आजार गेला.' डेंग्यूत नेमकं उलटं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि धोका तिथून सुरू होतो. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. पावसाळ्यात अंगदुखीची गोळी मागायला येणाऱ्यांना मी म्हणूनच ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन देत नाही, डेंग्यू निघाला तर त्यानं रक्त जायचा धोका वाढतो. चार शिव्या खातो.

पोरगी आता बरी आहे. आक्कानं थर्मामीटर ठेवून घेतलं. मेसेज मात्र माझ्या आधी तिनं भिशीच्या ग्रुपवर टाकला होता. आता हेही तिथंच टाक म्हणून तिला पाठवतोय.