फाशीची मागणी आणि शाळेची नोंदवही

बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रुळांवर उतरले, तेव्हा घोषणा फाशीच्या होत्या. मागोमाग सरकारी आदेश आले ते सीसीटीव्हीचे. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र बोट ठेवलं ते शाळेने पोलिसांना कळवलं नाही यावर. इंग्लंडमध्ये बसून मुंबईतल्या चर्चा ऐकताना हेच खटकत राहतं. शिक्षा किती व्हावी यावर आपण रात्र जागवतो. वर्गशिक्षिकेने, परिचारिकेने किंवा गल्लीतल्या डॉक्टरने पहिल्या तासात काय लिहायचं आणि कुणाला कळवायचं, हा विषय कुणी काढत नाही.

कागदावर आपला कायदा इथल्यापेक्षा कडक आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 19 सगळ्यांनाच लागू होतं. गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी कळवलंच पाहिजे. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत. इंग्लंडमध्ये मोजके अपवाद सोडले तर शिक्षकांवर अशी फौजदारी सक्ती नव्हती. ती आणा, अशी शिफारस इथल्या बाल लैंगिक शोषण चौकशी आयोगाने 2022 मध्ये केली. तरीही इथल्या शाळेतल्या साध्या मदतनिसाला संशय आला तर कुणाकडे जायचं ते ठाऊक असतं. प्रत्येक शाळेत एका वरिष्ठ व्यक्तीकडे ही जबाबदारी नावानिशी दिलेली असते. तिने कौन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, कळवलं की पुढे काय करायचं, हे कौन्सिलने कामकाजाच्या 1 दिवसात ठरवायचं असतं.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. रॉदरहॅम शहरात 1997 ते 2013 या काळात अंदाजे 1,400 मुलांचं लैंगिक शोषण झालं, असं 2014 च्या अहवालात आलं. फॉर्म होते, अधिकारी होते; पण मुली ‘आपल्या मर्जीने’ जातात, असं मानून पोलीस गप्प बसले. खुणा समोर असून ओळखल्या नाहीत, तर वाट कितीही आखलेली असो, तिच्यावर कुणी पाऊल टाकत नाही.

खुणा ओळखायला डिटेक्टिव्ह व्हावं लागत नाही. डॉक्टरांसाठी एक साधी कसोटी आहे: 4 वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं, किंवा 4 महिन्यांखालच्या बाळाला कुठेही मुका मार दिसला, तर ‘पडला असेल’ म्हणून सोडायचं नाही. दुखापतीची हकिगत दर वेळी बदलते, उपचाराला दोन दिवस उशीर होतो, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोबतचा माणूस देतो, हेही टिपून ठेवायचं. शिक्षकांनी हजेरीतल्या खाड्यांकडे, घरच्या ऐपतीबाहेरच्या नव्या फोनकडे आणि शाळा सुटल्यावर न्यायला येणाऱ्या अनोळखी ‘दादा’कडे लक्ष द्यावं. मदनपुरा, गोवंडी, धारावीच्या दवाखान्यांत वेगळं चित्र दिसतं: एकच माणूस आळीपाळीने वेगवेगळी मुलं घेऊन येतो, आधार कार्ड त्याच्याच खिशात, मुलाला राहत्या जागेचा पत्ता सांगता येत नाही, बोटांना सुयांचे व्रण. जरीच्या कारखान्यात मजुरीला जुंपलेलं हे पोर असू शकतं. यातली एकेक खूण सुटी घेतली तर काही सिद्ध करत नाही, पण सिद्ध करणं हे तुमचं कामही नाही.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मुख्याध्यापक आधी ‘अंतर्गत चौकशी’ नेमतात, ट्रस्टींना विचारतात, मुलाला चार जणांपुढे तेच पुन्हा सांगायला लावतात. आठवडा जातो, संशयिताला सुगावा लागतो आणि पढवल्याचा आरोप करायला बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. मुलाला एवढंच विचारावं: ‘काय झालं ते सांगशील?’ ‘अमक्याने हात लावला का?’ असं विचारू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. मूल भोजपुरीत बोललं तर भोजपुरीतच, त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावं. तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहावं, स्वतःचं मत वेगळ्या परिच्छेदात. घरातल्याच कुणावर संशय असेल तर त्या घरी फोन करू नये. घटना ताजी असेल तर मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन पुरावा कुजतो. 96 तासांच्या आत तपासणी झाली तर शरीरावरचा पुरावा मिळण्याची शक्यता जास्त. एफआयआर नसला तरी तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचाराआधी रुग्णालयाला कुठलाही कागद मागता येत नाही.

फोनवर फोटो किंवा व्हिडिओ सापडला तर ‘पुरावा’ म्हणून ग्रुपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. स्क्रीनशॉटही काढू नका. खात्याचं नाव आणि लिंक हाताने लिहून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार निनावी करता येते.

बाकी वेळी पोलीस ठाणं किंवा 1098. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईतूनच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली, हे मुंबईकरही विसरतात. ठाण्यात तक्रार लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची असते आणि तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो. तो मागा, लेखी अर्जावर पोच घ्या. हद्द आपली नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवायचा गुन्हा, मागा. पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, त्यासाठी नियमांत ‘फॉर्म बी’ आहे. तो गेला का, हे दुसऱ्या दिवशी विचारणारा माणूस संस्थेत नेमलेला असावा.

‘खोट्या तक्रारी’ हा घरच्या वादातला हुकमाचा एक्का. जून 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी परिपत्रकच काढलं होतं, की पॉक्सोचा गुन्हा नोंदवण्याआधी उपायुक्तांची परवानगी घ्या. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि ते मागे घेतलं गेलं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर ना दिवाणी कारवाई होते ना फौजदारी, हे त्याच कलम 19 मध्ये आहे. उलट चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात न कळवणाऱ्या डॉक्टरवरचा रद्द झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये पुन्हा उभा केला.

एका बाबतीत मात्र इंग्लंडची पद्धत मला जास्त शहाणी वाटते. इथे संमतीचं वय 16, आणि 13 ते 15 च्या मुलामुलींच्या आपसांतल्या संबंधांबद्दल कळवायचं की नाही, हे डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवू शकतो. आपल्याकडे 17 वर्षांची मुलगी प्रियकरापासून गरोदर राहिली तरी डॉक्टरला कळवावंच लागतं, म्हणून ती दवाखान्यात यायलाच घाबरते. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2022 च्या निकालाने थोडी वाट मोकळी केली: गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरला पोलिसांना तिचं नाव न सांगता कळवता येतं. सीसीटीव्हीच्या निविदा काढण्याआधी ही सवलत मुंबईतल्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावावी. त्याला फार खर्च येत नाही.