चैतात कोनी झाड लावते काय?

पाडवा जवळ आला की आमच्या गावच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. वर गुढी, खाली हिरवीगार बाग, आणि मजकूर थोडक्यात असा: वसंत हाच लागवडीचा खरा ऋतू. थंडी संपली, जमीन जागी झाली, झाडांना चैत्रपालवी फुटली. पाडव्यापासून पंधरा दिवसांत लावलेलं झाड मरत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. दहा बाय दहा फुटांत पाच माणसांची वर्षभराची भाजी निघते. टमाटे, पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर), कोबी आत्ताच लावा. खताला अंड्याची टरफलं, चुलीतली राख आणि एप्सम मीठ पुरे. कलमं विकत घेऊ नका, आंब्याची कोय लावा, तीन वर्षांत आंबे खा.

हेतू वाईट नाही. घरची भाजी, घरचं फळ कोणाला नको? पण मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला, आणि हा संदेश मी एकदा मनावर घेतला होता.

२०१९ चा पाडवा ६ एप्रिलला होता. त्या दिवशी अंगणात आणि मागच्या वाडीत मी चार झाडं लावली: एक संत्रा, एक जांब (म्हणजे पेरू), एक केसर आंबा, एक लिंबू. शेजारची काकू कुपाटीवरून पाहत होती. म्हणाली, "काहून बाप्पा, चैतात कोनी झाड लावते काय? मिरग तं येऊ दे." मी हसलो. मोबाईलवर वाचलेलं ताजं होतं, काकूचं जुनं.

आता एकेक मुद्दा घेतो.

"थंडी संपली, जमीन जागी झाली." कुठली जमीन? जिथे हिवाळ्यात माती गोठते आणि कोवळी रोपं कडाक्याच्या थंडीने जळतात, तिथे वसंताची वाट पाहणं शहाणपणाचंच. तिथला माणूस शेवटचं हिमदहिवर कधी पडेल ते मोजतो आणि मग रोप बाहेर काढतो. त्याच्या वसंतानंतर सौम्य उन्हाळा येतो. आपल्या वसंतानंतर काय येतं ते वर्धा, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आठ-आठ दिवस खाली यायचं नाव घेत नाही. आपल्याकडे रोप मारणारा ऋतू थंडीचा नाहीच, उन्हाळा आहे. म्हणजे त्यांचा वसंत हा संकट टळल्यानंतरचा महिना आणि आपला चैत्र हा संकटाच्या तोंडाशी उभा असलेला. पंचांगातलं नाव तेवढं सारखं.

आणि जमीन जागी होत नाही, झोपते. काळी कसदार जमीन एप्रिलमध्ये भेगाळते. तुरीची काडी घातली तर हातभर आत जाते.

"चैत्रपालवी हाच पुरावा." हा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, कारण पालवी खरंच फुटते. निंब, पिंपळ ऐन उन्हात कोवळे होतात. पण ती पालवी कशाच्या जोरावर येते? वीस-तीस वर्षांच्या झाडाची मुळं ओल जिथे टिकून असते तिथवर गेलेली असतात. वर फुफाटा असला तरी खाली त्याचं भांडवल शाबूत असतं. पिशवीतल्या रोपाकडे मूठभर मुळं असतात, तीही पिशवीच्या बुडाशी गोल फिरलेली. सावकाराने उन्हाळ्यात लग्न काढलं म्हणून मजुरानेही काढावं, अशातला हा हिशोब झाला.

"सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं की झाड मरत नाही." मी दिलं. दोन्ही वेळ, न चुकता. आंब्याची पानं कडेने करपली, जांबाचं शेंड्याकडून वाळत आलं, संत्र्याची पानं आधी वळली आणि मग एका आठवड्यात गळून गेली. त्या वर्षी पाऊसही उशिरा आला. जूनच्या शेवटी वाळलेलं संत्र्याचं झाड उपटायला गेलो तर हातात आख्खा गोळा आला, पिशवीच्या आकाराचा. एकही मूळ बाहेर गेलेलं नव्हतं. त्या गोळ्याच्या भोवती बोट जाईल एवढी फट होती. काळी माती वाळली की आकसते. आकसली आणि रोपाच्या गोळ्यापासून सुटली. मी ओतत होतो ते पाणी त्या फटीतून सरळ खाली भेगेत जात होतं. वरून आळं ओलं दिसायचं, गोळा आतून कोरडा ठणठणीत. तीन महिने मी भेगेला पाणी पाजलं.

मुरमाड, बरड जमिनीत ही फट पडत नाही, पण तिथे पाणी मुळी थांबतच नाही. आणि खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, रोज बोअरचं पाणी देणं म्हणजे रोज थोडं मीठ देणं. पाणी उडतं, मीठ राहतं. तिथे झाड तहानेने मरत नाही, खारटपणाने मरतं, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं.

संत्रा उत्पादकाला विचारा. ज्याला मृग बहार घ्यायचा असतो तो मे महिन्यात बागेचं पाणी तोडतो, झाडाला ताण देतो. पाऊस पडला की झाड फुलावर येतं. उन्हाळा हा झाडाला थांबवून ठेवायचा काळ आहे हे वरुड-मोर्शीकडच्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. नवी कलमंही तो पावसाळ्यातच लावतो, शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांपुढे गाड्या लागतात त्या पाऊस सुरू झाल्यावर.

माझं लिंबू तेवढं वाचलं. ते नहाणीच्या सांडपाण्याच्या वाटेवर होतं आणि दुपारनंतर त्याच्यावर भिंतीची सावली यायची. यात माझं कर्तृत्व शून्य.

एक गोष्ट तर संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नाही. हरभरा-गहू निघाला की गावची ढोरं मोकाट सुटतात. शिवारात हिरवं काही उरत नाही. अशा दिवसांत अंगणातलं दोन फुटांचं हिरवं रोप म्हणजे बकऱ्यांना आवतणच. माझं जांब उन्हाने अर्धं मारलं, उरलेलं एका बकरीने.

"दहा बाय दहा फुटांत वर्षभराची भाजी." हे फक्त आकड्यांनी तपासू. शंभर चौरस फूट म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. माणशी रोज पाव किलो भाजी धरली तर पाच जणांना वर्षाला साडेचारशे किलोच्या वर लागते. म्हणजे एका चौरस मीटरमधून पन्नास किलोच्या आसपास. चांगला शेतकरी भेंडीचं हेक्टरी १० ते १५ टन घेतो, म्हणजे चौरस मीटरला हंगामात एक ते दीड किलो. वर्षात तीन पिकं घ्या, वेल मांडवावर चढवा, तरी पन्नास किलो कुठून येणार? या वाफ्यातून आठवड्यातला एखादा दिवस भागतो. तेही कमी नाही, पण तसं सांगा ना.

आता पाण्याचा हिशोब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातलं पाणी रोज दहा मिलिमीटरच्या वर उडतं. भरलेला भाजीचा वाफा सात-आठ पितो असं धरू. सव्वानऊ चौरस मीटरला रोज पासष्ट ते पंच्याहत्तर लिटर झाले, म्हणजे पंधरा लिटरचे पाच गुंड (हंडे). जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, त्यातला पाव हिस्सा वाफ्याला. आणि हे नळ रोज आला तर. उन्हाळ्यात ते गुंड कोण वाहतं हेही विचारून पाहा. संदेश पाठवणारा बहुतेक वाहत नसतो.

भाज्यांची यादी तर उलटीच. पालक, मेथी, सांभार, कोबी ही थंडीची पिकं. मेथी एप्रिलमध्ये उगवली तर चार पानांवर फुलावर येते, सांभार तर उगवायलाच कुरकुरतो. टमाट्याचं झाड उन्हाळ्यात उभं राहील, फुलंही येतील, पण दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीही उकाडा राहिला की फूल धरत नाही, देठातून गळतं. लोक म्हणतात रोग आला. रोग नाही, ऊन आहे.

यात संदेशाच्या बाजूने एक गोष्ट खरी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने जानेवारी-फेब्रुवारीत ढेमसं, काकडी, चवळी, गवार, भेंडी टोबली तर उन्हाळ्यात घरची भाजी मिळते. पाडव्यापर्यंत ती वेलावर-झाडावर लागलेली असते. पाडव्याला सुरुवात केली तर भेंडी पांढऱ्या माशीच्या तावडीत सापडते आणि पानांवर केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा रोग, दिसायला लागतो. एवढ्या उशिरा चवळाई किंवा अंबाडीची भाजी मात्र जमते, नहाणीच्या पाण्यावरसुद्धा.

"अंड्याची टरफलं, राख, एप्सम मीठ." हा भाग मला सर्वांत मजेचा वाटतो, कारण आपल्या मातीसाठी तो जवळजवळ शब्दशः उलटा आहे. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी. ती आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळते. वऱ्हाडातली काळी माती आधीच अल्कधर्मी, सामू (पीएच) साडेसातच्या वर, आणि चुनखडीचे पांढरे खडे तिच्यात नांगरताना वर येतात. तिथे टरफलं घालणं म्हणजे संत्रानगरीत पाहुण्याला संत्री नेणं. माझ्या वाडीत दोन वर्षांपूर्वी पुरलेली टरफलं परवा खणताना निघाली, धुऊन ठेवल्यासारखी.

राखेचंही तेच. राख अल्कधर्मी, ती पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या जरा आंबट मातीत थोडी चालेल. चुनखडीच्या जमिनीत सामू वाढवून काय साधणार? तिथे आधीच लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. हे पाहून माणूस एप्सम मीठ घालतो. एप्सम मीठ मॅग्नेशियम देतं, आणि काळ्या मातीत मॅग्नेशियमची सहसा वाण नसते.

टमाट्याचं बूड काळं पडतं त्यावर टरफलं सुचवतात. तिथे कॅल्शियम मातीत असतं, पाण्याच्या ओढाताणीमुळे फळापर्यंत पोचत नाही. एक दिवस पूर, तीन दिवस कोरडं, असं पाणी दिलं की हे होतं. वाफ्यावर कुटाराचा (भुशाचा) थर द्या, फरक दिसेल. दोन टोपली कुजलेलं शेणखत या तिन्ही वस्तूंना भारी आहे.

"कोय लावा, तीन वर्षांत आंबे." चैत्रात कोय आणणार कुठून? गावरान आंबा तेव्हा कैरी असतो, पिकतो तो मे संपता संपता. बाजारातला कोकणचा हापूस खाऊन त्याची कोय लावली तर हापूस येत नाही; आपल्या आमराईतलं प्रत्येक झाड वेगळ्या चवीचं असायचं आणि शेप्या, शेंदऱ्या अशी वेगळी नावं त्यामुळेच पडली. कोयीच्या झाडाला फळ यायला सहा-सात वर्षं तरी धरा, पुष्कळदा जास्त. तीन-चार वर्षांत मोहर येतो तो कलमाला, आणि पहिली दोन-तीन वर्षं तोही खुडून टाकावा लागतो.

पण कोयीचं मूळ सरळ खोल जातं, हे खरं. कोरडवाहू जागेवर पावसाळ्यात जागच्या जागी कोय रुजवायची आणि रोप तयार झालं की त्याच्यावरच हव्या त्या जातीचं कलम करायचं, ही पद्धत चांगली आहे. संदेशात ती असती तर मीच पुढे पाठवला असता.

मग पाडव्याला हातावर हात धरून बसायचं का, असं पुतण्याने विचारलं. नाही. खड्डे घे. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, लिंबा-जांबाला दोन फूट चालेल. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. दोन महिने ऊन खाऊ दे, हुमणी आणि उधई आपोआप कमी होईल. तोवर बोराट्या आणून कुपाटी बांध, पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) जपून ठेव, मांडवाला लागतील. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती फुगून भेगा मिटल्या, की शेणखत मिसळून भर आणि मग रोप लाव. संत्र्याचं कलम असेल तर डोळा, म्हणजे कलमाचा जोड, जमिनीच्या वर वीतभर राहू दे. मातीत गेला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, आलाच.

आणि भरायच्या आधी खड्ड्यात पाच-सहा गुंड पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहा. मी नंतर तीन खड्डे घेतले होते. दोन रिकामे झाले, तिथे आता संत्रा आणि जांब आहे. तिसऱ्यात दुसऱ्या दिवशी दुपारीही बेडूक बसेल एवढं पाणी होतं. तिथे अळू लावलं.