आंब्याखालच्या बाकावर पडतो तो चीक नव्हे

आंबा मोहोरला की दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो: "झाडाखालच्या बाकांवर, खुर्च्यांवर झाडाचा चीक गळतो. थिनरने पुसा, वर प्लास्टिक घाला, नाहीतर सरळ फांद्या तोडा." हे वाचून लोक चांगलं सागवान नासवतात आणि झाडावरही राग काढतात, म्हणून लिहितोय.

आधी चिकाचं बघू. आंब्याचा चीक येतो तो जखमेतून. देठ तुटला, फांदी मोडली, साल सोलली, तरच. झाडाखाली सगळीकडे बारीक तुषार उडाल्यासारखा तो पडत नाही. मोहोराच्या दिवसांत बाकावर बसतो तो तुडतुड्यांचा चिकटा. हे पाचरीच्या आकाराचे इवले किडे मोहोराचा नि कोवळ्या पालवीचा रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने खाली टाकतात. खात्री करायची तर खालची एखादी फांदी हलवा, तडतड उडतील. पानांची वरची बाजू लकाकत असते, बोट लावलं की चिकटतं. बाकावर मुंग्यांची रांग लागते तीही या गोडव्यामुळेच. तसंच राहू दिलं की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. संत्र्यावरच्या अशाच बुरशीला विदर्भात कोळशी म्हणतात.

आता थिनर. साखर सुटते ती पाण्याने. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, सुती फडकं, एवढं पुरतं. फक्त आठवड्याच्या आठवड्याला पुसायचं. आमच्या सागवानी बाकावर मी एकदा स्पिरिट फिरवलं. फडकं तपकिरी झालं, मला वाटलं घाण निघतेय. निघत होतं ते पॉलिश. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून करतात, मग स्पिरिटने ते सुटणारच.

फणसाचा चीक मात्र खराखुरा चीक, तो पाण्याला दाद देत नाही. फणस फोडताना हाताला नि सुरीला खोबरेल लावतात, तेच बाकावरही करा: तेल चोळा, थोडा वेळ मुरू द्या, पुसा, मग साबणाचं फडकं फिरवा.

प्लास्टिक घट्ट गुंडाळलं की आत दमट राहतं आणि लाकडाला बुरशी लागते. जुनी सुती चादर बरी. चिकटली की धुऊन टाकायची.

फांद्यांच्या बाबतीत मात्र मेसेजात थोडं तथ्य आहे. तुडतुड्यांना दाट, सावलीची, दमट जागा मानवते, त्यामुळे आतल्या फांद्या विरळ करून ऊन-वारा खेळू दिला की ते कमी होतात. पण ते आंबे उतरवल्यावर. मोहोरलेली फांदी तोडली तर तिच्यावरचे आंबेही गेले. आणि शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, छाटणीआधीही पालिकेत विचारून घ्या.

आम्ही मोहोर गळेपर्यंत बाक विहिरीच्या बाजूला ओढून ठेवतो.