काका, शीर सापडत नाही

माझ्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त आहे. यात माझं विशेष कर्तृत्व नाही, माझ्या वजनाच्या कुठल्याही माणसात तेवढं असतंच. हृदय दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं, आणि मिनिटाला 70 ठोके धरले तर मिनिटभरात जवळजवळ सगळा साठा अंगभर फेरी मारून परत येतो. त्यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. एवढी सुबत्ता असताना अलिबागच्या एका लॅबमधली ताई माझा दंड रबरी पट्ट्याने आवळते, कोपराच्या खोबणीत बोटांनी चाचपते आणि दर वेळी तेच म्हणते, "काका, शीर सापडत नाही."

तिला हवं असतं चमचाभर.

आता यात दोष शिरांचा किती आणि व्यवस्थेचा किती, हे बघायला हवं. "उपाशीपोटी या" म्हटलं की आपल्याकडे माणूस थेट निर्जळी करतो. वास्तविक साधं पाणी चालतं, प्यावंच. धमनीची भिंत जाड आणि स्नायूंची, तिचा गोलाकार सहसा मोडत नाही. शीर मात्र पातळ भिंतीची, आतलं रक्त कमी झालं की चपटी होऊन पडून राहते. त्यात रेवदंड्याहून एसटीने घामाघूम होऊन यायचं, तेव्हा अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या छान फुललेल्या असतात. तेव्हा कुणी सुई घेऊन उभं नसतं. मग "बसा, नंबर येईल" म्हणून एसीच्या बरोबर खाली बसवतात आणि तासाभरात त्याच वाहिन्या आकसून आत जातात. उरलंसुरलं काम भीती करते. घाबरल्यावर कातडीकडचं रक्त आवरून मोठ्या स्नायूंकडे पाठवायचं, ही शरीराची जुनी सोय. समोर वाघ आला तर तिचा उपयोग होत असेल. समोर वीस-बावीस वर्षांची मुलगी कापसाचा बोळा घेऊन उभी असताना काय उपयोग?

पट्टा आवळण्यामागची युक्ती मात्र मला मनापासून आवडते. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1628 साली रक्त गोल फिरतं हे मांडलं, तेव्हा त्याचा मोठा पुरावा म्हणजे हाच बांधलेला दंड. गच्च बांधला तर मनगटाची नाडी बंद, हात गार. थोडा सैल केला तर खोलवरची, जास्त दाबाची धमनी वाहू लागते, पण वरवरची शीर दबलेलीच राहते. रक्त येतं, परत जात नाही, शिरा टरारतात. त्याआधी चौदाशे वर्षं वैद्य मंडळी गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचं ऐकून समजत होती की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून संपतं. हार्वेने हिशोब मांडला की अर्ध्या तासात हृदयातून जेवढं रक्त जातं, तेवढं तयार करायला माणूस खाऊच शकत नाही. (आमच्याकडची श्रावणातली जेवणावळ त्याने पाहिलेली नव्हती, तरी मुद्दा बरोबर आहे.)

हे सगळं मी ताईला सांगत होतो. ती म्हणाली, "काका, मूठ वळा आणि हलू नका."

शेजारच्या बाकावर एक नाना होते, सुनेला घेऊन आलेले. जन्म खारजमिनीत गेलेला, त्यामुळे हातावर शिरा अशा की चष्म्याशिवाय मोजाव्यात. त्यांना माझी दया आली. "बाय, माझं घे जा. कुणाचं पण लालच असतं," ते म्हणाले. ताई हसली नाही. मग त्यांच्याच हातावर बोट फिरवून मी त्यांना मधल्या गाठी दाखवल्या. त्या झडपा. हार्वेचा इटलीतल्या पादुआमधला गुरू फाब्रिशियस याने 1603 साली त्यांचं वर्णन छापलं, पण त्या रक्ताचा वेग कमी करायला असाव्यात, असा त्याचा समज. नाना क्षणात म्हणाले, "नाय हो, ही आमची उघाडी!" खाडीच्या बांधाला असते ती. ओहोटीला शेतातलं पाणी ढकलून तिचं दार उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतं. उघाडी बघून पाणी हळू जावं म्हणून बसवलीय, असं इकडचं शेंबडं पोरही म्हणणार नाही. शिरांचंही तसंच. पोटरी आवळली की रक्त वर चढतं, सैल सोडली की झडप मिटते आणि ते खाली घसरत नाही. फाब्रिशियसला एकदा अलिबागजवळच्या शहापूरच्या बांधावर उभं करायला हवं होतं.

चर्चेच्या नादात माझी भीती गेली असावी, कारण ताईने बारीक बटरफ्लाय सुई घालून मनगटाजवळ एक शीर पकडली. किती टोचण्यांनंतर, ते विचारू नका. जांभळ्या टोपणाची नळी भरली, राखाडी भरली, लाल टोपणाची कशीबशी, ओढून ओढून. बाहेर पडल्यावर मी दोन शहाळी प्यायलो.

संध्याकाळी फोन आला. "काका, लाल टोपणाचं सॅम्पल हेमोलाइज झालंय. पोटॅशियम भलतंच दाखवतंय." म्हणजे ओढाताणीत तांबड्या पेशी फुटल्या आणि आतलं पोटॅशियम बाहेर आलं. ही पेशी 7-8 मायक्रॉन रुंद, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून अंग दुमडून जाते, आणि हे जवळजवळ 120 दिवस करते. लॅबमध्ये मात्र तिने मिनिटभरही दम धरला नाही.

"उद्या परत या. उपाशी."

"पाणी पिऊन येऊ?"

"या ना. पण उद्या मी सुट्टीवर आहे, काका. नवीन मुलगी आहे, तिला जरा सांभाळून घ्या."