शकुंतलेचे पैसे कोनं खाल्ले?

परतवाड्याच्या आमच्या पानठेल्यापुढं परवा अचलपूर स्टेशनाचा विषय निघाला. आमची छोट्या रुळांची गाडी शकुंतला बंद पडून वर्षं झाली, रुळांत बाभळी उगवल्या. आमच्यातला पोट्टा म्हणाला, "म्युझियम करा न बावा तिथं! एक डबा ठेवा, लायटिंग करा. लोक सेल्फी काढतीन."

"अन् दर्यापूरले का तुह्या सेल्फीत बसून जाऊ?" मिस्त्री भडकला.

मास्तरांनी नेहमीचा बाण सोडला. "आधी हे सांगा, आपल्या गाडीचं भाडं अजून इंग्रजायले जाते म्हन्तेत."

हे ऐकलं की वकीलसाहेबांचा पारा चढतोच. "मास्तर, किलिक निक्सन मुंबईतली पेढी. तिनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. यवतमाळची लाईन 1903 ले झाली, आपली मूर्तिजापूर-अचलपूरची 1913 ले. गाडी चालवाले जीआयपी नावाच्या रेल्वे कंपनीले देली, अन् मंग मध्य रेल्वेले. पेढीच पुढं हिंदुस्थानी मालकायच्या हाती गेली. लंडनले कायची मनिऑर्डर?"

"मंग बाकी रेल्वे सरकारजमा झाल्या, हेच कावून सोडली?"

"थेच तं दुखनं हाय. मालक एक, चालवनारा दुसरा. रूळ कोनं बदलाचे? हा म्हने त्याचं काम, थो म्हने याचं."

मला वकीलसाहेबांचं पटतं. इंग्रजांना भाडं देण्याची गोष्ट चविष्ट आहे, टीव्हीवाल्यांनाही आवडते, पण तिच्यामुळं देखभालीचा हिशेब कुणी मागितलाच नाही. यवतमाळची गाडी आधी बंद झाली, मग आपली.

मिस्त्रीचं म्हणणं निराळंच. त्याचा आजा मूर्तिजापूरला हमाल होता. आपले रूळ अडीच फुटांचे, तिथून मुंबईला जाणारे मोठे. म्हणजे अंजनगाव-दर्यापूरकडून आलेली कापसाची प्रत्येक गाठ एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवायची नि दुसरीत चढवायची. "आज्याच्या खांद्यावर घट्टा पडला होता, हा एवढा! अन् ट्रक आला तं जिनिंगातून उचलला माल, सिध्धा न्हेला. कोन देईन दोनदा हमाली?"

"माल गेला, मान्य. मानसं तं होती ना!" मास्तर म्हणाले. "76 किलोमीटरले चार-चार घंटे लागत, पन गरिबाले परवडे. गार्डच खाली उतरे, टिकट फाडे, फाटक लावे, मंग झेंडी दाखवे. अन् थे मँचेस्टरचं इंजिन, 1921 चं! 1994 च्या एप्रिलात डिझेल लागलं तवा गाडीचा अर्धा जीव गेला."

"इंजिनाचा जीव सोडा," मिस्त्री म्हणाला, "सुरेश प्रभूसाहेब रेल्वेमंत्री होते तवा ब्रॉडगेज करतो म्हने. कुठी हाय? लोकायनं आंदोलनं केली, निवेदनं देली. तुमी म्युझियम मागसान तं थे खुशीनं देतीन. स्वस्तात सुटका!"

या एका वाक्यावर मी त्याच्या बाजूचा झालो. पोट्टा मात्र हटेना. "ब्रॉडगेज आली तं जुनं स्टेशन पाडतीन, तवा?"

वकीलसाहेब गप्प. मास्तरांनी चष्मा पुसला.

"मंग मी उद्याच जाऊन फोटो काढून ठेवतो," पोट्टा म्हणाला.

"काढ," मिस्त्री म्हणाला, "अन् येतानी खर्रा आनजो."